रिंग्ज: ऑलिम्पिकमधल्या टांगत्या कड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी ऑलिम्पिक आले की ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. व्यायामशाळेत आम्ही या प्रकाराला 'रोमन रिंग्ज' म्हणायचो. सिंगलबार, डबलबार, घोडा आणि कोपऱ्यात तुळईला टांगलेल्या दोन कड्या. त्या कड्यांवर लोंबकळणारे पुष्कळ होते, थांबणारा मात्र एखादाच. पुढचे प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने लावलेले नाहीत. जसे विचारले जातात तसेच घेतले आहेत.

'स्टिल रिंग्ज' म्हणजे स्थिर रिंग्ज. पण त्या तर हलतात! मग स्थिर काय?

स्थिर राहायचे ते खेळाडूने. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सहा साधने असतात आणि त्यातली पाच जमिनीत रोवलेली, ठोकलेली किंवा चक्क जमीनच असतात. रिंग्ज एवढ्या मोकळ्या. दोरीला लटकलेल्या, कुठल्याही दिशेला पळायला तयार. त्या पळू द्यायच्या नाहीत, हाच खेळ. प्रयोग चालू असताना दोऱ्या डुलायला लागल्या तर गुण कापले जातात.

मापेही सांगून टाकतो, कारण हा प्रश्न लगेच मागोमाग येतो. कडीचा आतला व्यास १८ सेंटिमीटर, जाडी २.८ सेंटिमीटर. दोन कड्यांमधले अंतर ५० सेंटिमीटर. कड्या जमिनीपासून २.८० मीटर उंच आणि ज्या चौकटीला त्या टांगलेल्या असतात ती ५.८० मीटरवर. खेळाडू सहसा उडी मारून कड्या धरत नाही, प्रशिक्षक त्याला कमरेला धरून वर उचलतो. पूर्ण निश्चल लटकून झाले की मग सुरुवात.

रोमन रिंग्ज म्हणतात म्हणजे हा प्रकार रोमन काळापासून आहे का?

नाव भारदस्त आहे, पण आजच्या साधनाची जन्मकथा १९व्या शतकातल्या युरोपातली, मुख्यतः जर्मनीतली आहे. फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हासेनहाइड भागात उघड्यावरची व्यायामभूमी काढली आणि त्यातून 'टुर्नर' ही जर्मन व्यायामपटूंची चळवळ उभी राहिली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फ्रान्सिस्को अमोरोस हा मूळचा स्पॅनिश लष्करी अधिकारी सैनिकांना टांगत्या त्रिकोणांवर कसरत शिकवत होता. व्यायामाच्या वर्गात रिंग्ज रुळवण्याचे श्रेय सहसा आडोल्फ श्पीस या जर्मन शिक्षकाला देतात. त्यासाठी १८४२ हे वर्ष सांगितले जाते.

तेव्हाच्या रिंग्ज म्हणजे झोके घेण्याचे साधन. थांबण्याचे वेड नंतरचे.

पहिल्या ऑलिम्पिकमध्ये रिंग्ज होत्या?

होत्या, आणि पहिल्याच फटक्याला निकालावरून वादही झाला असे म्हणायला हरकत नाही. अथेन्स, एप्रिल १८९६, संगमरवरी पानाथेनाइक स्टेडियम, स्पर्धा उघड्यावर. आठ स्पर्धक. ग्रीसचा इओआनिस मित्रोपुलोस आणि जर्मनीचा हेरमान वाइनगेर्टनर यांच्यात परीक्षकांची मते विभागली गेली. निर्णायक मत दिले ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी. राजपुत्र ग्रीक, स्टेडियम ग्रीक, प्रेक्षक ग्रीक. सुवर्ण कोणाला मिळाले हे सांगायला नकोच. तिसरा आलेला पेत्रोस पेर्साकिसही ग्रीकच.

राजपुत्राने अन्याय केला असा पुरावा कुणाकडे नाही. पण परीक्षकाच्या नजरेवर ठरणाऱ्या खेळाची पहिली गाठ अशी बसली, ती आजतागायत पुरती सुटलेली नाही. वाइनगेर्टनरची गोष्ट पुढे वेगळीच संपली. १९१९ मध्ये ओडर नदीत बुडणाऱ्या माणसाला वाचवायला जाऊन तो स्वतः बुडाला.

मग तेव्हापासून दर ऑलिम्पिकमध्ये रिंग्जचे पदक असते का?

नाही. १९०४ मध्ये सेंट लुइसला होते, ते अमेरिकेच्या हेरमान ग्लासने जिंकले. ते एक वगळता १९०० ते १९२० या काळात साधनवार पदकेच नव्हती. सगळे मिळून एकत्रित गुण धरत. १९२४ ला पॅरिसमध्ये साधनवार पदके परतली आणि रिंग्जचे सुवर्ण इटलीच्या फ्रान्चेस्को मार्तिनोला मिळाले. तिथून पुढे खंड नाही.

जुन्या छायाचित्रांत बायका रिंग्जवर दिसतात. ते खरे आहे का?

अगदी खरे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या सांघिक स्पर्धेत झुलत्या रिंग्ज होत्या. मोठे झोके घ्यायचे आणि झोक्याच्या टोकाला वळणे, उलटणे करायचे. बघायला तो प्रकार फार सुंदर असावा. अमेरिकेत पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धांतही झुलत्या रिंग्ज १९६० च्या आसपासपर्यंत टिकल्या.

पुढे महिलांसाठी असमान उंचीचे बार आले आणि रिंग्ज गेल्या. 'बायकांच्या खांद्यांना हे झेपत नाही' हे कारण लोक बिनधास्त सांगतात. माझ्या मते तो अर्धाच खुलासा आहे. त्या काळच्या संघटनांना बायकांच्या खेळात लालित्य हवे होते आणि पुरुषांच्या खेळात ताकद. साधनांची वाटणी त्या आवडीनुसार झाली. आज समाजमाध्यमांवर क्रॉस (हात दोन्ही बाजूंना आडवे पसरून स्थिर राहणे) धरणाऱ्या मुली दिसतात. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्यासाठी हे साधन नाही.

रिंग्जचा पहिला मोठा खेळाडू कोण?

माझे मत लिओन श्टुकेल. स्लोव्हेनियातल्या नोवो मेस्तोचा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाकडून खेळलेला. पेशाने न्यायाधीश. १९२४ मध्ये एकत्रित आणि सिंगलबारचे सुवर्ण, १९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला रिंग्जचे सुवर्ण आणि १९३६ मध्ये बर्लिनला वयाच्या ३७व्या वर्षी रिंग्जवर रौप्य. तिथे त्याला हरवले चेकोस्लोव्हाकियाच्या आलोइस हुदेत्सने. श्टुकेलची एकूण सहा ऑलिम्पिक पदके.

पण लोकांच्या लक्षात तो राहिला तो १९९६ च्या अटलांटामुळे. उद्घाटन सोहळ्यात हयात असलेला सर्वांत वयस्कर सुवर्णविजेता म्हणून त्याचे नाव पुकारले गेले आणि ९७ वर्षांचा हा गृहस्थ तुरुतुरु चालत मंचावर आला. नोव्हेंबर १९९९ मध्ये, १०१वा वाढदिवस चार दिवसांवर असताना तो गेला.

क्रॉस कोणी शोधला? आणि तो इतका अवघड का असतो?

शोधला कोणी ते सोडा. क्रॉस म्हणजे काय हे जगाला दाखवले ते आल्बर्ट अझार्यानने. हा आर्मेनियन, सोव्हिएत संघाकडून खेळणारा. १९५६ ला मेलबर्न आणि १९६० ला रोम, रिंग्जवर सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णे मिळवणारा पहिला. त्याच्या आधी १९५२ मध्ये हेलसिंकीला सुवर्ण जिंकणारा ग्रांत शागिन्यानही आर्मेनियनच. युद्धात पायाला गोळी लागल्याने शागिन्यान लंगडत चाले. रिंग्जवर पाय जमिनीला लागतच नाहीत, हे त्याला बरेच झाले असणार. म्हणजे सलग तीन ऑलिम्पिक हे सुवर्ण एका चिमुकल्या आर्मेनियात गेले.

अझार्यानच्या नावाची हालचाल आजही नियमपुस्तिकेत आहे. लटकलेल्या अवस्थेतून, हात न वाकवता, सावकाश मागे गोल फिरत थेट क्रॉसमध्ये येऊन थांबायचे. यात 'सावकाश' हा शब्द जीवघेणा आहे. झोका घेऊन वेगात आलात तर वेग तुम्हाला नेतो. सावकाश येताना नेणारे कोणी नसते.

आता अवघडपणा. समजा खेळाडू ६० किलोचा आहे. क्रॉसमध्ये हात दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. म्हणजे प्रत्येक हात खांद्यापासून जवळजवळ अर्ध्या-पाऊण मीटरवर ३० किलो वजन खाली दाबून धरत असतो, कोपर न वाकवता. शंका असेल तर पाण्याने भरलेली पाच लिटरची कळशी सरळ हाताने बाजूला उचलून धरून बघा. दिशा उलटी आहे, स्नायू वेगळे आहेत, पण किती सेकंदांत हात थरथरायला लागतो ते कळेल. क्रॉस किमान दोन सेकंद धरावा लागतो आणि त्या दोन सेकंदांत चेहराही शक्यतो शांत ठेवायचा.

माल्टीज, प्लांश, उलटा क्रॉस हे काय आहे?

क्रॉसमध्ये शरीर उभे असते. उलट्या क्रॉसमध्ये तेच, पण डोके खाली, पाय आढ्याकडे. प्लांशमध्ये शरीर जमिनीला समांतर, पोट खाली, आधार फक्त खाली रोवलेल्या सरळ हातांचा. माल्टीजमध्ये शरीर आडवे असतेच, शिवाय हात बाजूंना पसरून शरीर कड्यांच्या उंचीपर्यंत खाली आणायचे. पाण्यावर पालथे तरंगावे तसे दिसते. फक्त पाणी नसते.

कोन बिघडला की गुण जातात. ठरलेल्या स्थितीपासून १५ अंशांपर्यंतचा फरक छोटी चूक, ३० पर्यंत मध्यम, ४५ पर्यंत मोठी. त्यापलीकडे तो घटक मोजलाच जात नाही. म्हणजे खेळाडूने जीव तोडून धरलेला माल्टीज कागदावर नसल्यात जमा.

जपानी खेळाडूंनी रिंग्जमध्ये काय बदलले?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. आर्मेनियनांची तीन सुवर्णे झाली आणि लगेच जपानची तीन. १९६४ ला टोकियोत ताकुजी हायाता, १९६८ ला मेक्सिकोत आणि १९७२ ला म्युनिकमध्ये आकिनोरी नाकायामा. नाकायामाच्या नावाने एक क्रॉस ओळखला जातो, म्हणजे ताकदीत तो कुठे कमी नव्हता. पण या पिढीने झोका परत आणला.

झोका म्हणजे जुना, लहान मुलांच्या पाळण्यासारखा नव्हे. कड्या जागच्या जागी ठेवून शरीरच पूर्ण वर्तुळात फिरवायचे आणि वर हँडस्टँडमध्ये (हातांवर उलटे उभे) येऊन खिळा ठोकल्यासारखे थांबायचे, तेही हात सरळ ठेवून. यात दोन शत्रू एकाच वेळी असतात. झोक्याला वेग लागतो आणि थांबायला वेग संपावा लागतो. वेग जास्त झाला तर हँडस्टँड पुढे सांडतो, कमी झाला तर खांदे ओढून वर न्यावे लागतात आणि परीक्षकाला ते लगेच दिसते. नुसती ताकद असलेला माणूस इथे उघडा पडतो. नुसती लय असलेला पुढच्या क्रॉसला.

साधनही या झोक्यांना साथ देईल असे होत गेले. खाली येताना खांद्यांना बसणारा हिसका प्रचंड असतो, म्हणून आजच्या चौकटीत वर लवचीक टांगणी असते. आमच्या व्यायामशाळेत मात्र कड्या साखळीने लोखंडी तुळईला बांधलेल्या. हिसका थेट मानेत. तरुणपणी ते कळत नाही, पन्नाशीत कळते.

पुढे झोक्यात दुहेरी कोलांट्याही आल्या. कड्या न सोडता पुढच्या बाजूने दोन कोलांट्या घेऊन पुन्हा लटकायचे. गुडघे छातीशी आवळून केली तर 'यामावाकी', पाय सरळ ठेवून कमरेत वाकून केली तर 'योनासॉन'. दोन्ही नावे त्या त्या खेळाडूंची.

तुटलेल्या गुडघ्याने रिंग्ज करणारा खेळाडू कोण?

शुन फुजिमोतो, जपान, माँट्रियल १९७६. सांघिक स्पर्धेत जमिनीवरच्या कसरतीत त्याचा गुडघा गेला. त्याने ते लपवले, पोमेल हॉर्सवर (घोड्यावर) ९.५ मिळवले, मग रिंग्जवर गेला. लटकलेले असताना गुडघ्याला काम नाही, पण शेवटी उतरावे लागतेच. त्याने उंचावरून कोलांटी घेऊन उडी मारली, तुटलेल्या पायावर उतरला, उभा राहिला आणि ९.७ मिळाले. उतरताना गुडघ्याची वाटी सरकली आणि अस्थिबंध फाटले. जपानने सांघिक सुवर्ण सोव्हिएत संघापेक्षा ०.४० गुण जास्त मिळवून जिंकले.

ही गोष्ट शाळांत प्रेरणेसाठी सांगतात. मला ती सांगताना नेहमी अडखळायला होते. समोर बसलेल्या पोरांपैकी कोणी गुडघा दुखत असताना गप्प बसू नये, एवढे तरी सोबत सांगावे.

त्याच स्पर्धेत रिंग्जचे वैयक्तिक सुवर्ण सोव्हिएत निकोलाय आंद्रियानोवला मिळाले, १९८० ला मॉस्कोत अलेक्सांद्र दित्यातिनला.

एकाच वेळी दोघांना सुवर्ण कसे मिळाले?

गुण सारखे झाले म्हणून. १९८४ लॉस एंजेलिस: जपानचा कोजी गुशिकेन आणि चीनचा ली निंग, दोघेही १९.८५० (दोन फेऱ्या मिळून, २० पैकी). १९८८ सोल: पूर्व जर्मनीचा होल्गर बेरेन्ट आणि सोव्हिएत दिमित्री बिलोझेरचेव, दोघेही १९.९२५. जेव्हा कमाल गुण १० असतात आणि जगातले सगळे अव्वल खेळाडू ९.९ च्या पुढे असतात, तेव्हा जागाच उरत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये दरवाज्यात सगळे एकावर एक, तसे.

बिलोझेरचेवचे ते सुवर्ण वेगळ्या कारणासाठीही लक्षात ठेवावे. १९८५ मध्ये मोटार अपघातात त्याच्या पायाचे चाळीसहून जास्त तुकडे झाले होते.

१९९२ ला बार्सिलोनात रिंग्जचे सुवर्ण व्हिताली शेर्बोला मिळाले. त्या स्पर्धेत त्याला एकूण सहा सुवर्णे, त्यातली चार एकाच दिवशी.

युरी केकीचे इतके नाव का घेतात?

कारण त्याने रिंग्ज हे स्वतंत्र करिअर असू शकते हे सिद्ध केले. इटलीतल्या प्रातोचा हा खेळाडू १९९३ ते १९९७ सलग पाच वेळा रिंग्जचा विश्वविजेता. १९९२ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर घोट्यामागची अकिलीस शीर तुटली आणि बार्सिलोना हुकले. १९९६ ला अटलांटात सुवर्ण. २००० च्या आधी दंडाचा स्नायुबंध तुटला आणि सिडनीही हुकले. एवढ्यावर कुणीही घरी बसला असता. केकी २००४ ला अथेन्समध्ये ३४ वर्षांचा असताना परत आला, उद्घाटनाला इटलीचा ध्वज घेऊन चालला आणि रिंग्जवर कांस्य घेऊन गेला.

त्याच्या काळात एक नियम बदलला, ज्याची चर्चा कमी होते. अटलांटापर्यंत सर्वांना ठरवून दिलेले सक्तीचे प्रयोगही करावे लागत. त्यानंतर ते बंद झाले. सक्तीच्या प्रयोगांमुळे प्रत्येकाला सगळे थोडेथोडे यावे लागे. ते गेल्यावर एकाच साधनावर आयुष्य घालवणारे विशेषज्ञ वाढले आणि रिंग्जइतके ते दुसरीकडे क्वचितच दिसतील.

सिडनी आणि अथेन्समध्ये काय झाले?

सिडनी २००० मध्ये हंगेरीचा सिल्वेस्तर चोलानी पहिला, ग्रीसचा दिमोस्थेनिस ताम्पाकोस दुसरा, बल्गेरियाचा योर्दान योव्हचेव तिसरा. चोलानी जानेवारी २०२२ मध्ये कोविडने गेला, ५१ वर्षांचा होता.

अथेन्स २००४. ताम्पाकोस ९.८६२, योव्हचेव ९.८५०, केकी ९.८१२. म्हणजे १०८ वर्षांनी पुन्हा अथेन्स, पुन्हा रिंग्ज, पुन्हा ग्रीक सुवर्ण आणि फरक ०.०१२ गुणांचा. या वेळी राजपुत्र नव्हता, पण निकालावर कुरबुर झालीच.

योव्हचेवबद्दल एक वाक्य जास्तच हवे. १९९२ ते २०१२ सलग सहा ऑलिम्पिक खेळला आणि लंडनमध्ये ३९ वर्षांचा असताना रिंग्जच्या अंतिम फेरीत होता. ऑलिम्पिक सुवर्ण कधीच नाही.

दहापैकी दहा गुण का बंद झाले?

अथेन्समधल्या गुणांच्या गोंधळांमुळे, मुख्यतः पुरुषांच्या एकत्रित आणि सिंगलबारच्या स्पर्धांतल्या. २००६ पासून दोन वेगळे आकडे आले. एक अवघडपणाचा, जो प्रत्येक घटकाची किंमत मिळवून वर वाढत जातो. दुसरा सफाईचा, जो १० पासून सुरू होऊन चुकांप्रमाणे खाली येतो. दोन्हींची बेरीज म्हणजे गुण. म्हणून आता १५.५ वगैरे आकडे दिसतात.

रिंग्जवर याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला. माल्टीज, उलटा क्रॉस, प्लांश यांची किंमत भरपूर, मग खेळाडू एकामागून एक ताकदीचे घटक रचू लागले. झोका नावापुरता. नियम करणाऱ्यांनी मग मर्यादा घातली: ताकदीचे घटक सलग तीनपेक्षा जास्त नकोत, मध्ये झोक्याचा घटक हवा. झोक्यातून हँडस्टँडही दाखवावा लागतो. अझार्यानची ताकद आणि नाकायामाचा झोका यांच्यातले भांडण असे नियमपुस्तिकेत येऊन बसले आहे. दर चार वर्षांनी काटा थोडा इकडे, थोडा तिकडे.

लंडनमध्ये चेन यिबिंगवर अन्याय झाला का?

चीनमध्ये विचाराल तर हो. चेन २००८ चा बीजिंग विजेता, चार वेळा विश्वविजेता. लंडन २०१२ मध्ये त्याचे १५.८००. सगळ्यांत शेवटी प्रयोग केलेल्या ब्राझीलच्या आर्थर झानेत्तीला १५.९००. दोघांचा अवघडपणाचा आकडा सारखाच, ६.८. फरक सफाईच्या ०.१ चा. झानेत्तीचा उतरताना पाय किंचित सरकला, चेन मात्र गच्च रोवून उभा राहिला, आणि टीव्हीवर प्रेक्षकाला उतरणेच दिसते. परीक्षक त्याआधीचे कोन, दोन सेकंद, दोऱ्यांची हालचाल मोजत बसलेले असतात. मी दोन्ही प्रयोग अनेकदा पाहिले. ०.१ इकडे गेला असता तरी मला आश्चर्य वाटले नसते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. झानेत्तीचे ते सुवर्ण म्हणजे ब्राझीलचे जिम्नॅस्टिक्समधले पहिलेच ऑलिम्पिक पदक.

त्यानंतर कोणाचे राज्य आहे?

रिओ २०१६: ग्रीसचा एलेफ्थेरिओस पेत्रुनियास १६.०००, घरच्या प्रेक्षकांसमोर झानेत्ती १५.७६६. त्या वर्षी ऑलिम्पियात ज्योत पेटल्यावर पहिला धावकही पेत्रुनियासच होता. टोकियो (२०२१ मध्ये झालेले): चीनचा लिऊ यांग १५.५००, चीनचाच यू हाओ १५.३००, पेत्रुनियास १५.२००. पॅरिस २०२४: पुन्हा लिऊ यांग १५.३००, झोऊ जिंगयुआन १५.२३३, पेत्रुनियास १५.१००. सलग तीन ऑलिम्पिक रिंग्जवर पदक आणि पॅरिसच्या वेळी वय ३३.

तुर्कीकडेही लक्ष ठेवा. इब्राहिम चोलाक २०१९ चा विश्वविजेता, आदेम आसिल २०२२ चा.

रिंग्जचे खेळाडू बुटकेच का असतात?

हात लांब तर तरफ लांब. क्रॉसमध्ये तीच तरफ तुमच्या विरोधात काम करते. शिवाय उंची वाढते तसे वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढते. झानेत्तीची उंची १.५६ मीटर. पण नियमाला अपवाद आहेच: मॉस्कोचा विजेता दित्यातिन १.७८ मीटर होता. उंच मुलाला 'तुझ्याच्याने व्हायचे नाही' म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला हे नाव सांगावे.

भारतातून कोणी रिंग्जवर खेळले आहे का? मराठी?

ऑलिम्पिक पदकापर्यंत कोणी नाही. पण १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला भारताचे पुरुष जिम्नॅस्ट गेले होते आणि त्यांत बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे ही नावे आहेत. ज्या टोकियोत हायाताने सुवर्ण घेतले, त्याच टोकियोत. ही नावे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत, हा प्रश्न मलाच कधीतरी विचारावासा वाटतो. अलीकडच्या काळात रिंग्जसाठी ओळखला गेलेला भारतीय म्हणजे ओडिशाचा राकेश पात्रा.

मल्लखांब येणाऱ्याला रिंग्ज सोपे जातात का?

पकड, पोटाची ताकद, उलटे असताना न घाबरणे, हे सगळे उपयोगी पडते. पण मल्लखांबावर मांड्या आणि पायांची पकड अर्धे काम करते, रिंग्जवर पायांना धरायला काहीच नाही. दोरीचा मल्लखांब करणाऱ्यांना टांगत्या साधनाची सवय असते, तरी सरळ हाताने तोलणे नव्याने शिकावे लागते. कोपर वाकवून चढण्याची सवय मोडायला वर्ष जाते.

जाता जाता: १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. त्याच बर्लिनमध्ये त्या उन्हाळ्यात हुदेत्स आणि श्टुकेल रिंग्जवर लढले.

घरी रिंग्ज टांगून क्रॉस शिकता येईल का?

रिंग्ज जरूर टांगा. लटका, आधार धरून थरथर न होऊ देता उभे राहा, पाय समोर ताणून बसा. क्रॉसच्या मागे एकट्याने लागू नका. स्नायू काही महिन्यांत तयार होतो, कोपरातले स्नायुबंध वर्षे घेतात, आणि दुखायला लागेपर्यंत ते काही कळवत नाहीत.

टीव्हीवर बघताना नेमके काय बघायचे?

समालोचक कोलांट्यांवर ओरडतात, तिकडे फार लक्ष देऊ नका. खेळाडू ताकदीच्या घटकात थांबला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. दोन पुरे व्हायच्या आत तो हलला तर गुण गेले. मग खांदे आणि कड्या एका रेषेत आहेत का ते बघा. झोक्यातून हँडस्टँडला आला की मनगटाजवळच्या पट्ट्या दंडाला टेकतात का ते बघा, टेकल्या तर तीही चूक. आणि सगळ्यात आधी नजर वर न्या, दोऱ्यांकडे. खाली माणूस गोल फिरतो आहे आणि वर तीन मीटर दोऱ्या टांगलेल्या ओळंब्यासारख्या उभ्या आहेत, असे दिसले तर गुणफलक यायच्या आधीच शेजारच्याला सांगून टाका की हा पदकात आहे.